मोकळं पाणी

व्हर्ना माकीला बोलण्यापेक्षा ओरडणं जास्त जमतं, असं आमच्या गार्नेट हार्बरमध्ये सगळे म्हणत. तिचा जन्म शाळेची बस चालवण्यात गेला होता. आरशात न बघता मागच्या बाकावर कोण कोणाच्या टोपीत च्युइंगम चिकटवतंय ते तिला कळायचं. निवृत्त झाल्यावर तिने किनारी गस्तीच्या स्वयंसेवकांत नाव घातलं, आणि तिच्यामागोमाग मीही. मी रूबेन, तिचा शेजारी. कागद गिरणी बंद पडल्यापासून मी घरात बसून बायकोच्या पायात पायात येत होतो. शेवटी बायकोच म्हणाली, "जा त्या व्हर्नाबरोबर. जमिनीवर उपयोग नाही तुझा, पाण्यावर असेल तर बघ."

वर्षभर आमचं काम किरकोळ. कोणाच्या बोटीतलं तेल संपलं, कोणी लाइफ जॅकेट न घालता पोरं घेऊन निघालं, असलं काहीतरी. पण ऑगस्टमधला एक शनिवार वेगळा. त्या दिवशी गावासमोरच्या सरोवरावर विमानांच्या कसरती होत. आजूबाजूच्या गावांतून माणसं खुर्च्या घेऊन किनाऱ्यावर येत, आणि ज्यांच्याकडे बोट आहे ते सगळे पाण्यातून बघायला येत. म्हणून किनाऱ्यापासून जरा आत नारिंगी बोये, म्हणजे तरंगत्या खुणा, सोडून पाण्यावर एक लांबट चौकोन आखायचा. त्या चौकोनात एकही बोट नको. चारही कोपऱ्यांवर गस्तीची एकेक बोट. चौथा कोपरा, सगळ्यात बाहेरचा, खोल पाण्याकडचा, व्हर्नाचा.

"एवढं पाणी रिकामं ठेवायचं कशाला?" असं एकदा एका नव्या स्वयंसेवकाने विचारलं होतं.

व्हर्ना म्हणाली, "विमान पडलं तर त्याला पडायला जागा नको का?"

पोरगं हसलं. व्हर्ना हसली नाही.

त्या वर्षी जुलैपासूनच सरोवरापलीकडे कॅनडातल्या रानांना वणवे लागले होते. उत्तरेचं वारं सुटलं की धूर सरोवर ओलांडून आमच्याकडे यायचा. सूर्य तांब्याच्या नाण्यासारखा दिसायचा. दोरीवर वाळत घातलेल्या चादरींना शेगडीचा वास यायचा. शुक्रवारी संध्याकाळी हवा जरा निवळली, म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं. शनिवारी सकाळी मी धक्क्यावर गेलो तेव्हा वारा अगदी पडला होता आणि सरोवर असं सपाट पडलं होतं की धक्क्यावरच्या खांबांची सावलीसुद्धा हलत नव्हती. आमचं सरोवर असं कधी नसतं. उन्हाळ्यातही त्याला काहीतरी खुसपट काढल्याशिवाय राहवत नाही.

व्हर्ना बोटीत उभी राहून लांब बघत होती.

"काय बघतेस?" मी विचारलं.

"शोधतेय," ती म्हणाली. "पाणी कुठे संपतं ते."

मीही बघितलं. पाणी दुधी, वर आकाश दुधी. मध्ये जी रेघ असायला हवी, ती कोणीतरी ओल्या बोटाने पुसून टाकल्यासारखी.

तेवढ्यात ड्वाइट सॉर्ली आला. तो आमच्या गावचा दंतवैद्य. गावातल्या बहुतेकांच्या तोंडात त्याचे हात जाऊन आलेले. त्याच्याकडे एक जुनं पिवळं विमान होतं, महायुद्धाच्या काळात शिकाऊ वैमानिकांसाठी बांधलेलं, आणि दर वर्षी तो गावच्या कसरतींत ते उडवायचा. व्हर्ना आणि तो एका वर्गातले. दर वर्षी उडण्याआधी तो गस्तीवाल्यांना पास्ट्या आणून द्यायचा, मांस-बटाटा भरलेल्या करंज्यांसारख्या, त्याची बायको लिओनोराच्या हातच्या. त्या दिवशीही कागदी पिशवी घेऊन आला. पिशवीला तूप सुटलं होतं.

"घ्या रे, गरम आहेत. रूबेन, दाढ काय म्हणते?"

"डॉक्टर, तुम्ही विचारेपर्यंत बरी होती."

तो हसला. व्हर्नाने पिशवी घेतली, पण उघडली नाही.

"ड्वाइट, आकाश बघितलंस?"

"बघायला गेलो. भेटलंच नाही."

"मस्करी नको करू. मला लांबची रेघ दिसत नाहीये."

"दुपारपर्यंत उठेल धूर. नाही उठला तर खालच्या खाली साध्या कसरती करीन. वर गेलं की धुराच्या बाहेर डोकं निघतं गं, तिथे सगळं लख्ख असतं." मग जरा थांबून तो म्हणाला, "व्हर्ने, तुझ्या कोपऱ्याकडून बोटींची रांग नीट सरळ ठेव हां. आज मला तेवढीच रेघ असणार आहे."

तो गेल्यावर व्हर्नाने पिशवी माझ्या हातात दिली. "तू खा. मला नकोय."

दहाच्या सुमारास बोटी यायला लागल्या. शो म्हटला की पाण्यावर जत्रा भरते. बियरचे खोके, गाणी, छत्र्या, कुत्री, उघड्या पाठी भाजून घेणारी माणसं. आमचं काम मेंढरं वळवण्याचं. बोयाच्या आत शिरलेल्या एकेकाला बाहेर काढायचं आणि त्याच्या शिव्या हसून ऐकून घ्यायच्या.

"अहो बाई, इथून चांगलं दिसतं!"

"तिथूनही दिसतं. बाहेर."

"पाणी काय तुमच्या बापाचं आहे का?"

"माझ्या बापाचं असतं तर तुला आत घेतलंच नसतं. चल, हल."

एकजण मात्र हलला नाही. तो तोइवो, व्हर्नाचा धाकटा भाऊ. तो पाहुण्यांना मासेमारीला न्यायचा. त्याची हिरवी बोट बोयाच्या बरीच आत नांगर टाकून उभी होती, आणि बोटीत तिघं पाहुणे गळ टाकून बसले होते. एक म्हातारा, त्याची मुलगी आणि जावई, दक्षिणेकडून कुठूनसे आलेले. आम्ही जवळ गेलो तसं तोइवोने मुद्दाम पाठ फिरवली.

"तोइवो," व्हर्ना म्हणाली, "नांगर काढ."

"या, या कॅप्टनबाई! पाहुणे, या माझ्या भगिनी. शाळेची बस गेली, म्हणून आता सरोवर चालवतात."

म्हातारा ओशाळून हसला.

"बोयाच्या बाहेर हो. तासाभरात इथे विमानं येतील."

"इथे खाली बाबांचा खडक आहे. ट्राउट इथेच बसतात, तुझ्या बोयाच्या बाहेर नाही बसत. त्यांना तुझा हुकूम पोचलेला नाहीये बहुतेक."

"माशांना राहू दे. तू हो बाहेर."

"बाबा इथे मासे मारायचे तेव्हा यांच्या विमानांना पंखही फुटले नव्हते."

"बाबा असते तर त्यांनी तुझ्या कानाखाली काढली असती."

"तुझ्याही काढली असती. स्वतःच्या भावाला हाकलतेस, ते कोणासाठी? त्या दात उपटणाऱ्यासाठी?"

व्हर्नाचा चेहरा लाल झाला. तिने बोट त्याच्या बोटीला इतकी भिडवली की मला वाटलं आता ती उडी मारून पलीकडे जाते. पण ती हलक्या आवाजात बोलली. तोइवोपेक्षा मलाच त्या आवाजाचं भय वाटलं.

"तोइवो, आज हवा चांगली नाहीये. मी तुला गस्तवाली म्हणून सांगत नाहीये. ऐक."

तोइवोने तिच्याकडे बघितलं. मग काही न बोलता नांगर ओढायला लागला. पाहुण्यांना म्हणाला, "चला, बाहेरच्या अंगाला जाऊ. घरात बायको नाही म्हणून बहिणीचं ऐकावं लागतं." तो बाहेर गेला, आमच्या कोपऱ्याजवळच्या रांगेत उभा राहिला. मी सुटकेचा श्वास सोडला. व्हर्नाने सोडला नाही.

दुपारी धूर उठायच्या ऐवजी बसला. आधी किनाऱ्यावरचं चर्चचं टोक गेलं, मग दीपस्तंभ पुसट झाला. लष्करी जेट विमानं येणार होती, ती वाटेतूनच परत फिरली. सगळ्या कसरतींची सूत्रं हलवणारा हॅरिगन किनाऱ्यावर लाकडी मचाणावर बसलेला असे. त्याचा आवाज आम्हाला वायरलेसवर ऐकू यायचा. जेट येत नाहीत हे त्याने भोंग्यातूनही सांगितलं तेव्हा किनाऱ्यावरून नाराजीचा एक हुंकार उठला. तो आम्हाला पाण्यावरून ऐकू आला, एवढी ती शांतता होती. एक हेलिकॉप्टर येऊन गेलं, दोरावरून माणूस खाली सोडून परत उचलण्याचं प्रात्यक्षिक झालं. त्याने लोकांचं काय समाधान होणार? पोरं रडायला लागली होती.

मग ड्वाइटचा आवाज आला. "हॅरिगन, मी उडतो. गावच्या लोकांनी दिवसभर काय धूर खाण्यासाठी बसायचं?"

"तुला दिसतंय ना?"

"धावपट्टीवरून तरी ठीक आहे. छोटा कार्यक्रम करतो."

थोड्या वेळाने त्याच्या इंजिनाचा आवाज आमच्या डोक्यावर आला. विमान दिसलं नाही. आवाज तेवढा डावीकडून उजवीकडे गेला, लांब गेला, वळला.

हॅरिगनने कोपऱ्यांना विचारायला सुरुवात केली. प्रत्येक कसरतीआधी हा नेम असतो. पहिला कोपरा म्हणाला, पाणी मोकळं. दुसरा म्हणाला, मोकळं. तिसरा म्हणाला, मोकळं. व्हर्नाने वायरलेस तोंडाशी नेला, आणि तिची नजर बोटींच्या रांगेवरून फिरली. तशीच ती परत मागे आली. रांगेत एका ठिकाणी खिंडार होतं. तिथे हिरवी बोट असायला हवी होती.

"कोपरा चार," हॅरिगन म्हणाला, "पाणी मोकळं?"

"नाही," व्हर्ना म्हणाली. "थांबवा. आत कोणीतरी आहे."

"कोण?"

"माझा भाऊ."

 मग हॅरिगन ड्वाइटला म्हणाला, "वर घिरट्या घालत राहा. पाण्यावर अडचण आहे."

"घालतो," ड्वाइट म्हणाला. "तोइवोला म्हणावं, याच्यापुढे तुझा दात काढताना भूल देणार नाही."

किनाऱ्यावर भोंग्यातून सांगितलं असावं, कारण परत तो हुंकार उठला, आणि या वेळी त्यात शिट्ट्या होत्या. व्हर्नाने इंजिन चालू केलं आणि आम्ही बोयाच्या आत शिरलो.

मी त्या पाण्यावर शेकडो वेळा गेलोय. पण त्या दिवशी त्या रिकाम्या चौकोनात शिरताना मी बोटीची कड धरून बसलो. धूर पाण्यावर चिकटून होता. थोडं पुढे गेलो तशी मागची बोटींची रांग दिसेनाशी झाली, आणि मग सगळीकडे एकच रंग उरला. वर ड्वाइटचं इंजिन घुं घुं करत फिरत होतं. आवाजावरून ते कुठे आहे ते कळत नव्हतं. कधी वाटे लांब आहे, कधी वाटे अगदी टाळूवर. मी दोनदा मान वर केली. दोन्ही वेळा तिथे काही नव्हतं.

"ओरड," व्हर्ना म्हणाली.

मी ओरडलो. "तोइवो!"

लांबून शिवी आली. तोइवोचीच. कोणाची शिवी ऐकून मला इतका आनंद कधी झाला नव्हता.

हिरवी बोट बाबांच्या खडकावरच होती. पाहुण्यांना एकही मासा मिळाला नव्हता म्हणून त्याने जेट येत नाहीत हे ऐकल्यावर ठरवलं होतं, शो आता होतच नाही, चला परत जाऊ. धुरात कोणी बघत नव्हतंच. मग विमानाचा आवाज ऐकून तो घाबरला, घाईत इंजिन चालू केलं, बोट दोरावरून पुढे सरकली आणि नांगराचा दोर पंख्यात गुंतला. आता बोट पुढूनही बांधलेली आणि मागूनही. तोइवो पोटावर पडून कोयत्याच्या टोकाने पंख्यातला दोर उकरत होता. हात रक्ताळले होते. म्हातारा पाहुणा बोटीच्या मध्यभागी हात जोडून बसला होता, आणि त्याची मुलगी वर बघत होती.

"तो येतोय का?" ती सारखी विचारत होती. "तो आपल्यावर येतोय का?"

"नाही येत, बाई," मी म्हणालो. "त्याला सांगितलंय."

व्हर्नाने मला आमचा ओढायचा दोर फेकायला लावला. मग तोइवोला म्हणाली, "पंखा सोड. नांगराचा दोर दोन्हीकडून काप. तुला ओढून नेते."

"नांगर सोडू? बाबांचा नांगर आहे तो! बाबांनी स्वतः ठोकलेला!"

"काप."

"व्हर्ना, दोन मिनिटं दे. निघेल."

"माणसं बसलीत तुझ्या बोटीत!"

"दोन मिनिटं म्हटलं ना!"

ती त्याच्या बोटीत उडी मारून गेली. या वयात ती कशी गेली कोण जाणे. त्याच्या हातातला कोयता घेतला, आणि बोटीच्या पुढच्या टोकाशी एक, पंख्यापाशी एक, अशा दोन घावांत दोर कापला. ताणलेला दोर साप पळावा तसा पाण्यात गेला. तोइवो तिच्याकडे बघत राहिला. सगळं आयुष्य भांडण्यात घालवलेली ती दोघं, पण असं बघताना मी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"तुला यासाठी कधी माफ करणार नाही," तो म्हणाला.

"नको करू. दोर धर."

आम्ही हिरव्या बोटीला ओढत बाहेर काढलं. वजन जास्त, म्हणून सावकाश. वर ते इंजिन फिरत होतं, फिरत होतं. बोटींची रांग जेव्हा समोर उमटली तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या, काहींनी तोइवोला रिकामे डबे फेकून मारले. एका मोठ्या बोटीला त्याची बोट बांधून आम्ही आमच्या कोपऱ्यावर परत आलो.

"कोपरा चार," हॅरिगन म्हणाला. त्याचा आवाज थकला होता. "आता पाणी मोकळं?"

व्हर्नाने वायरलेस उचलला. तिने रांगेकडे बघितलं, मग आत बघितलं, मग वर. सकाळी निदान जवळचं पाणी आणि वरचं आकाश यांच्या रंगात थोडा फरक होता. आता तोही गेला होता. तिचा अंगठा बटणावर होता आणि ती दाबत नव्हती.

"कोपरा चार?"

"पाणी मोकळं आहे," ती म्हणाली.

"थँक यू, व्हर्ने," वरून ड्वाइटचा आवाज आला.

तिने वायरलेस खाली ठेवला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "हॅरिगनने पाण्याचंच विचारलं."

मी ओढायचा दोर गुंडाळायला लागलो. 

ड्वाइट किनाऱ्याच्या बाजूने खाली आला. एकदम ते पिवळं विमान धुरातून बाहेर पडलं, शेपटीमागे पांढऱ्या धुराची जाड दोरी सोडत, आणि लोकांनी असा जल्लोष केला की माझ्याही अंगावर काटा आला. तो रांगेसमोरून सपाट गेला, पंख हलवले, वर चढला. परत आला, कुशीवर वळून गेला. पोरं ओरडत होती. एका बोटीवर कोणीतरी गाणं मोठं केलं. मला वाटलं, झालं, उगाच घाबरलो आपण.

तिसऱ्यांदा तो सरळ वर चढला. आम्ही माना मागे टाकल्या. धुरात तो पुसट होत होत गेला, इंजिनाचा आवाज बारीक झाला. मग परत वाढायला लागला. विमान धुरातून खाली तोंड करून निघालं. ते वळून सपाट होत होतं, नाक वर येत होतं, मला ते दिसत होतं. अजून थोडं हवं होतं. ड्वाइटला वाटलं असेल की अजून थोडं आहे. त्याला खाली पाणी दिसत नव्हतं, दुधी आकाशच दिसत होतं, असं नंतर जाणकार म्हणाले. काचेसारख्या पाण्यावर असं होतं म्हणे.

बशी फुटावी तसा आवाज झाला. आग नाही, धूर नाही. पांढरं पाणी उंच उठलं आणि खाली बसलं. आणि त्या बोटीवरचं गाणं चालूच राहिलं. ते बंद करायचं कोणाला सुचलं नाही.

व्हर्नाने बोट इतक्या जोरात सोडली की मी मागे पडलो. आम्ही सगळ्यात जवळ होतो. पिवळा पंख पाण्यावर तरंगत होता, आजूबाजूला तेलाचे रंग पसरत होते. बाकीचं विमान उलटं होऊन पाण्याखाली गेलं होतं, शेपटी तेवढी वर. मी पंखाला आकडा लावला. व्हर्ना जॅकेट काढून पाण्यात उतरायला निघाली. आमच्या सरोवराचं पाणी ऑगस्टमध्येही श्वास बंद करतं. मी तिला कमरेला धरून ठेवलं. ती मला मारत होती, खरंच मारत होती. तेवढ्यात बचावाची बोट आली आणि त्यांचा पाणबुड्या खाली गेला.

त्याने ड्वाइटला वर आणलं. त्यांनी बोटीत घेऊन किनाऱ्यापर्यंत त्याची छाती दाबली. व्हर्नाने माझ्याकडे बघितलं. तो गेला होता हे तिने बघितलं होतं, मीही बघितलं होतं. छाती दाबायला हवी म्हणून ते दाबत होते, एवढंच.

गावात मग जे बोललं जायचं ते बोललं गेलं. चर्चच्या तळघरात कॉफीचे कप हातात घेऊन माणसं हळू आवाजात बोलायची आणि व्हर्ना आत आली की केकबद्दल बोलायला लागायची. कोणी म्हणे, तिने थांबवलं नसतं तर धूर थोडा विरळ होता तेव्हाच ड्वाइटचं उडून झालं असतं. वर घिरट्या घालून त्याचे डोळे थकले. कोणी म्हणे, तिचा काय दोष? दोष त्या तोइवोचा. आणि कोणी छातीठोक सांगत की विमान पडलं ते बरोबर बाबांच्या खडकावर, तोइवोची बोट होती त्याच जागी. व्हर्नाने दोर कापला नसता तर चार प्रेतं आणखी निघाली असती. मी तिथे होतो. मला ती जागा सांगता येत नाही. पाण्यावर खूण राहत नाही.

चौकशीला आलेल्या माणसांनी व्हर्नाला विचारलं, पाणी मोकळं होतं का? ती म्हणाली, होतं. मग त्यांनी विचारलं, आणखी काही सांगायचंय? ती म्हणाली, "मला रेघ दिसत नव्हती. मी ते बोलले नाही."

"ते तुमचं काम नव्हतं," त्यांच्यातला एक भला माणूस म्हणाला.

"मला माहीत आहे," ती म्हणाली.

तोइवोचे पाहुणे आटले. कोणीतरी त्याच्या बोटीवर पिवळा रंग ओतला. त्याने तो खरवडला नाही. बहिणीच्या घरासमोरून तो गाडीने जायचा, वेग कमी करायचा आणि न थांबता पुढे जायचा. हे मी माझ्या खिडकीतून कितीदा बघितलं.

सप्टेंबरात लिओनोरा सॉर्ली व्हर्नाकडे आली. मी त्या वेळी व्हर्नाच्या स्वयंपाकघरातला नळ दुरुस्त करत होतो. उठून जायला निघालो, तर लिओनोरा म्हणाली, "बसा रूबेन. तुम्हीही होतात तिथे." ती कोट न काढता बसली.

"तो वर बराच वेळ होता का?" तिने विचारलं.

"हो," व्हर्ना म्हणाली. "आमच्यामुळे."

"काही बोलत होता?"

"तोइवोच्या दाताबद्दल बोलला. मला थँक यू म्हणाला." व्हर्ना खुर्ची ओढून तिच्यासमोर बसली. "लिओनोरा, मला कळत होतं. सकाळपासून कळत होतं. बटणावर माझं बोट होतं. मी एक वाक्य बोलले असते तर..."

"तर तो उडाला असता," लिओनोरा म्हणाली.

व्हर्नाने मान वर केली.

"मी सकाळी बोलले होते त्याला. पास्ट्या भरता भरता. आज नको जाऊस म्हटलं. तो म्हणाला, गावातले लोक वाट बघतात. मी म्हटलं, लोकांचं काय, तू दात काढतोस तेव्हाही ते वाट बघतात. तो हसला आणि गेला." तिने हातमोजे टेबलावर ठेवले, परत उचलले. "माझं नाही ऐकलं. तुझं ऐकलं असतं का?"

ती गेल्यावर व्हर्ना मला म्हणाली, "खरं बोलत होती का रे ती? की माझ्यासाठी?"

मला ते आजही सांगता येणार नाही. लिओनोरा दयाळू बाई होती, आणि दयाळू बाया खोटं फार सफाईने बोलतात. पण हातमोजे ती सारखी ठेवत आणि उचलत होती, आणि खोटं बोलताना हातांना इतका चाळा नसतो असं मला वाटतं. मी व्हर्नाला म्हटलं, "खरं बोलत होती."

हिवाळ्यात, बर्फ खिडकीपर्यंत आलं असताना, गस्तीच्या नव्या स्वयंसेवकांचा वर्ग सुरू झाला. दर मंगळवारी, शाळेच्या खोलीत. व्हर्ना आणि मी जुने म्हणून मदतीला जायचो. पहिल्याच मंगळवारी दार उघडलं आणि तोइवो आत आला. टोपीवरचं बर्फ झटकलं, कोणाकडे न बघता सगळ्यात मागच्या बाकावर बसला. व्हर्नाने त्याच्याकडे बघितलं नाही. पण तिच्या हातातला खडू मोडला.

तो दर मंगळवारी आला. वाद घालायचा, प्रत्येक नियमाला फाटे फोडायचा, शिक्षक कावून जायचा. रिकाम्या ठेवलेल्या पाण्याचा धडा आला त्या दिवशी मात्र तो अगदी शांत होता. शिक्षकाने सगळं समजावलं, बोये कुठे, कोपरे कुठे, मोकळं आहे असं कधी म्हणायचं. मग विचारलं, काही शंका?

तोइवोने हात वर केला. "आणि पाणी मोकळं असेल, पण आकाश बरं नसेल, तर ते कोणी बोलायचं?"

"त्याला वेगळी माणसं असतात," शिक्षक म्हणाला.

"होती ना," तोइवो म्हणाला. "सगळी होती."

 शिक्षकाने फळा पुसला आणि दोरांच्या गाठींचा धडा काढला. सगळ्यांना एकेक दोर वाटला. व्हर्ना बाकांमधून फिरत एकेकाची गाठ तपासत मागच्या बाकापर्यंत आली. तोइवोने गाठ घाईत मारली होती. तिने ती हातात घेऊन ओढली. लगेच सुटली.

"चूक," ती म्हणाली. "परत बांध."

तो परत बांधायला लागला.